धावेपासून टायरपर्यंत

कंधारात व्याख्यान आणि तेही इतिहासाचे, असे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राष्ट्रकूटांचे नाव, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आणि जगत्तुंग सागर ही उभी राहतात. ती राहावीतच. तथापि ज्या वाटांनी राजे आले आणि गेले, त्याच वाटांनी आपल्या वाडवडिलांच्या गाड्याही गेल्या, आणि त्या गाड्यांच्या चाकांचा विषय आपल्या सभांतून क्वचितच निघतो. आज आम्ही तो काढण्याचे योजिले आहे, आणि त्याला एक अगदी घरगुती निमित्त आहे.

गावात आता गल्लोगल्ली छोट्या मोटारी उभ्या दिसतात. मास्तरांची, दुकानदाराची, पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाने आईवडिलांसाठी घेऊन ठेवलेली. अशा प्रत्येक मालकावर काही वर्षांनी एक प्रसंग येतो. टायर झिजलेले असतात आणि नवे घ्यावयाचे असतात. तो नांदेडला जातो, दुकानाच्या दारात गाडी उभी करतो आणि म्हणतो, "चांगले बघून चार टाका." पंधरा मिनिटांत व्यवहार उरकतो. ज्याच्या आजोबांनी माळेगावच्या यात्रेत एका बैलासाठी तीन तीन दिवस काढले, त्या माणसाने सगळ्या घराचा भार वाहणाऱ्या वस्तूची परीक्षा इतक्या घाईने करावी, याचे आम्हांला नवल वाटते. हे कसे घडले, ते चाकाच्या इतिहासात डोकावल्यावाचून कळावयाचे नाही.

प्रथम जुने चाक पाहू. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकडे लाकडी तुकडे जोडून केलेला परीघ, आणि त्या परिघावर लोखंडाची धाव. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते चिवट आणि शिवारातच मिळणारे. सुताराचे काम येथे संपे आणि लोहाराचे सुरू होई. धाव मुद्दाम चाकाहून किंचित आखूड करीत. मग जमिनीवर गोवऱ्यांचे कडे रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवीत. तापली की लोखंड फुगते. तेवढ्या अवधीत दोघातिघांनी सांडशांनी धरून ती चाकावर बसवावयाची, घणाचे ठोके घालावयाचे आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी वरून पाणी ओतावयाचे. धुराचा आणि वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे आणि सगळे चाक करकरून आवळले जाई. खिळ्यांनी जे साधले नसते ते तापण्या-निवण्याने साधे. पदार्थविज्ञानाचे पुस्तक न उघडता हे ज्ञान आपल्या बलुतेदारांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो, पण नुसत्या अभिमानाने नव्हे. कारण उष्णतेचा हाच नियम पुढे टायरच्या प्रकरणात आपणांस पुन्हा भेटावयाचा आहे.

वैशाखात लाकूड वाळून आक्रसे आणि धाव ढिली पडे. तेव्हा चाके ओढ्यात किंवा नदीत भिजत घालीत. शेतकरी गाडी जुंपण्यापूर्वी धावेवर दगड मारून आवाज ऐकत असे. खणखणीत असला तर घट्ट, बद्द असला तर ढिली. एका अंगाने धाव जास्त झिजली की कणा किंवा तुंबा बिघडला, हेही त्याला ठाऊक असे. चाक विकणारा आणि चाक वापरणारा यांच्या ज्ञानात फारसे अंतर नव्हते, हा या काळाचा मुख्य विशेष होय.

तीच गोष्ट बैलाची. लाल कंधारी जातीला आपल्याच गावाचे नाव आहे. तांबडा रंग, मध्यम बांधा आणि ओढकामाची चिकाटी यांसाठी ती नावाजलेली. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत गुरांचा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहते. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, यावरून वय ठरते. मग खूर, मग वशिंड, मग चाल. भाव शेवटी, आणि तोही रुमालाखाली बोटे धरून. गोंडे बांधून शिंगे रंगवलेला बैल पाहून भुलणाऱ्याला लोक हसत. दात पाहण्याची ही रीत श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

आता रबराकडे वळू. हा भाग जगाच्या इतिहासातला आहे आणि तो आम्ही भराभर सांगतो. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकटते आणि थंडीत तडकते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये ते गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. 1845 मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते काळाच्या फार पुढे होते आणि विसरले गेले. 1888 मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तेच पुन्हा केले, आणि या वेळी जग तयार होते. दरम्यान 1876 मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराचे बी इंग्लंडला नेले; तेथून रोपे सिंहलद्वीप आणि मलायात गेली आणि आशियात रबराचे मळे उभे राहिले. 1942 मध्ये जपानने मलाया घेतल्याबरोबर अर्ध्या जगाची चाके अडली आणि हिंदुस्थानातही टायर नियंत्रणाखाली आले. एका झाडाच्या चिकावर एवढे अवलंबून असावे, हे तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले.

आपल्या भागात तेव्हा निजामाचे राज्य होते. नांदेडला हैदराबाद–मनमाड रेल्वे 1900 मध्येच आली. कंधारला ती आजही नाही, म्हणून येथे जे यावयाचे ते रस्त्याने, चाकावरच आले. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली तरी काळ्या मातीचा चिखल तोच राहिला. लोखंडी धाव मुरमाच्या रस्त्यावर दोन खोल चाकोऱ्या पाडी आणि पावसाळ्यात त्यांत गाडी तुंब्यापर्यंत रुते. मग टायरची बैलगाडी आली. लोक तिला डनलॉप म्हणत, टायर कोणत्याही कंपनीचा असो. रुंद रबरी चाक कमी रुतते आणि बैलाच्या मानेला हिसका कमी बसतो. पण त्याच दिवशी गावातल्या लोहाराचे चाकाशी असलेले नाते तुटले. धाव गावात होत असे. टायर बाहेरून येऊ लागला.

टायर देशात तयार होत होते. डनलॉपचा कारखाना बंगालात साहागंज येथे 1936 मध्ये सुरू झाला. मद्रासेत 1946 मध्ये खेळण्यातले फुगे करणारी एक लहानशी संस्था निघाली, ती पुढे मद्रास रबर फॅक्टरी म्हणून टायर करू लागली. इटलीतील सिएट कंपनी 1958 मध्ये मुंबईस आली. ॲम्बॅसडर आणि फियाट या गाड्यांचे त्या वेळचे टायर आडव्यातिडव्या धाग्यांचे असत. बाजेची तिरपी विणण पाहिली आहे ना, तशीच धाग्यांच्या थरांची रचना, आणि आत ट्यूब. 1946 मध्ये फ्रान्सच्या मिशलिन कंपनीने वेगळी विणण शोधली. तीत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादाच्या तारांचा पट्टा असतो. हाच रेडियल टायर. तो कमी तापतो, जास्त टिकतो आणि रस्ता अधिक घट्ट धरतो. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 निघाली, 1998 मध्ये पुण्याची इंडिका आली, आणि पूर्वी जहागीरदाराच्या दाराशी दिसणारी मोटार मध्यम स्थितीच्या माणसाच्या दाराशी आली.

मोटार आली, पण तिचे दात पाहण्याची विद्या तिच्याबरोबर आली नाही. वास्तविक ती विद्या टायरच्या अंगावरच छापलेली असते. एका छोट्या मोटारीच्या टायरवर 165/80 आर 14 85 टी असे लिहिलेले असते. 165 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 80 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ऐंशी. आर म्हणजे रेडियल. 14 म्हणजे आतील रिमचा व्यास, इंचांत. 85 हा आकडा भाराचा: एका टायरने 515 किलोपर्यंत वजन पेलावे. टी म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी 190 किलोमीटर. आपल्या गाडीला कोणता आकार आणि किती हवा, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. दुकानात जाण्यापूर्वी ती पाहावी. भाराचा आकडा मूळच्याहून कमी कदापि घेऊ नये. लग्नसराईत पाच माणसे, आहेराच्या पिशव्या आणि डिकीत लाडवांचे डबे घेऊन गाडी अहमदपूरला निघते, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळतो. रुबाबासाठी जाड टायर चढवण्याची हौस तरुणांत आहे. तो चाकाच्या वरच्या पत्र्याला घासतो आणि वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. शिंगे रंगवण्यातलाच तो प्रकार होय.

आणि दात? तेही आहेत. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2324 असे असले तर टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात फळीवर दोन-तीन वर्षे पडलेला माल नवा म्हणून घेण्याचे कारण नाही. वर्षाला चार हजार किलोमीटरही न धावणाऱ्या मास्तरांच्या गाडीचे खोबणे शाबूत दिसते, पण मराठवाड्याच्या उन्हात उभ्या उभ्या रबर कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांवर कोणताही टायर, दिसो कसाही, ठेवू नये, असे टायर करणारेच सांगतात. झिजेची खूण खोबणीत असते. पृष्ठभाग त्या उंचवट्याला भिडला म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, आणि कायद्याची हद्द तीच. वापरलेले टायर काळा रंग देऊन रस्त्याकडेला विकतात, त्यांच्याविषयी आम्ही एवढेच म्हणू की त्यांचे चार आकडे घासलेले असले तर विचारपूसही करू नये. आयएसआयचे चिन्ह मात्र असलेच पाहिजे.

कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न सगळे प्रथम विचारतात. आमच्या मते तो शेवटचा. एकाच कण्यावरचे दोन्ही टायर एकाच जातीचे आणि सारख्याच झिजेचे असावेत, हे आधी. चारांचे पैसे नसतील तर दोन घ्यावेत आणि नवे मागे बसवावेत. पुष्कळांना हे उलट वाटते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाला ते जाणवते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरावयास अवसर मिळत नाही.

लोहाराचा नियम येथे पुन्हा भेटतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, त्याने ती तापते, आणि मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर ती आतून सुटू लागते. टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो. ऊन साथीदार असते, मूळ गुन्हेगार बहुधा कमी हवा, जादा भार किंवा म्हातारे रबर. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि अपघातांनंतर 2023 मध्ये परिवहन खात्याने झिजलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशाच्या तोंडाशीच अडवून परत पाठवल्या. चालकांनी त्राग्याने हुज्जत घातली असेल. पण प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि अशा चार तळहातांवर घरातली सगळी माणसे असतात.

राहिली स्टेपनी. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कोणाला परका वाटत नाही. तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याच्या नावावरून आला. तेथे 1904 मध्ये डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर अडकवावयाचे जादा चाक तयार केले. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपण तो सांभाळला. शब्द सांभाळला, वस्तू मात्र डिकीत पोत्याखाली पडून असते. चार नवे टायर घेतल्यावर पाचव्याचे वयही तेथेच, दुकानाच्या दारात पाहावे. ते पोते उचलून, वाकून, बोटाने धूळ पुसून वाचावे लागते, आणि हवा तर त्यात बहुधा नसतेच.