ट्रेनी, मुक्काम नरिमन पॉइंट

खिशातला मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे त्याचा काही उपयोग नाही, मुंबईत मोबाइल सेवा सुरू व्हायला अजून अवकाश आहे. लॅपटॉपही राहू द्या. काळे बूट चढवा, टाय बांधा आणि एक निळं आणि एक लाल बॉलपेन बरोबर घ्या. झालं? चला तर. मे १९९४, सकाळचे नऊ, चर्चगेट स्टेशन.

गाडीतून तुम्ही उतरत नाही, मागची गर्दीच तुम्हाला फलाटावर उतरवते. शर्ट पाठीला चिकटलाय, टायची गाठ कानाखाली गेलीय. घाम, पावडर, खोबरेल तेल आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची फोडणी, सगळ्यांचा मिळून एकच वास नाकात भरलाय. बाहेर नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सी उभी आहे. तिघांच्या मांडीला मांडी लावून बसा. खिडकीतून खारा वारा येईल, तेवढाच घाम वाळवून घ्या.

एमबीएचं पहिलं वर्ष संपवून तुम्ही एका मर्चंट बँकेत दोन महिन्यांसाठी समर ट्रेनी झाला आहात. कंपन्यांना बाजारातून भांडवल उभं करून देणं हे इथलं काम. शेअर किती भावाने विकायचा हे पूर्वी सरकार ठरवायचं. १९९२ मध्ये तो अंमल उठला आणि तेव्हापासून पब्लिक इश्यूंची झुंबड उडाली आहे. टेबलांवर, कपाटांवर, खिडकीच्या कट्ट्यावर सगळीकडे फायलीच फायली. ‘ट्रेनी ना? बसा तिथे,’ म्हणत शिपाई मामा कोपऱ्यातली खुर्ची दाखवतात. तिच्यावरही वार्षिक अहवालांचा ढीग आहे. तो उचला. धूळ नाकात जाईल, शिंका येतील. सवय होते.

कॉम्प्युटर काचेच्या खोलीत आहे. आत जाताना बूट काढायचे! एसी एवढा कडक की मेच्या उन्हातून आलेल्या तळपायांना फरशी झोंबते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, लोटस १-२-३, हातात सव्वापाच इंची फ्लॉपी. एका कारखान्याचा पुढच्या पाच वर्षांचा हिशेब तुम्हाला मांडायचा आहे: विक्री, कच्चा माल, वीज, व्याज, कर्जाची परतफेड. एक आकडा बदला आणि थांबा. पडदा जरा विचार करतो, मग खालचे सगळे आकडे एकामागून एक पालटतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकू लागला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येत नाही. मग बेरजा हातातल्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. प्रकल्पाचा खर्च आणि पैसा कुठून येणार, या दोन्ही तक्त्यांची बेरीज रुपयापर्यंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर जेवायला उठू नका.

जुळली? मग साहेब तुमच्या हातात एक पाकीट ठेवतात: ‘फोर्टात पोचवून या.’ ही कामगिरी चुकवू नका, कारण वाटेत दलाल स्ट्रीट आहे.

गल्लीत शिरताच ऊन नाहीसं होतं आणि उकाडा दुप्पट होतो. फुटपाथवर इश्यूंच्या फॉर्मांचे गठ्ठे मांडलेत. फॉर्म विकणारे कंपन्यांची नावं भाजीच्या भावासारखी पुकारताहेत. बाजारात न आलेल्या शेअरचं प्रीमियमही इथे तोंडी ठरतं. शेअर सर्टिफिकेटांच्या पिशव्या छातीशी धरून पोरं गर्दीतून वाट काढतात. तव्यावरच्या सँडविचचा लोणी जळल्याचा वास येतो, कटिंग चहाचे ग्लास खणखणतात, कुणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतो. माफी कुणी मागत नाही आणि तुम्हीही थांबू नका.

आता शेअर बाजाराच्या इमारतीत, जिजीभॉय टॉवर्समध्ये, वर गॅलरीत या आणि खाली सौद्यांच्या रिंगकडे बघा. आवाज कानाआधी छातीत जाणवतो. शेकडो माणसं एकमेकांना रेटत भाव ओरडताहेत, जास्त करून गुजरातीत. हातांकडे नीट बघा. तळहात स्वतःकडे वळलेला, म्हणजे खरेदी. बाहेर वळलेला, म्हणजे विक्री. नजरानजर होते, दोघेही आपापल्या वहीत सौदा खरडतात आणि संपलं. सही नाही, पावती नाही. हजारोंचा व्यवहार तोंडच्या शब्दावर झाला. घसे बसलेत, शर्टांना पीळ पडलाय. वर्षभरात इथे कॉम्प्युटरचे पडदे येतील आणि हा गलका कायमचा थांबेल. आत्ताच पोटभर ऐकून घ्या.

दुपारी तुमची रवानगी इश्यूचे अर्ज तपासणाऱ्या रजिस्ट्रारच्या गोदामात. आधीच्या एका इश्यूचे अर्ज आलेत, पोत्यांनी! वर पंखा गरगरतोय, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर पेपरवेट. गोंद, तागाचं पोतं आणि शाई यांच्या वासाने डोकं जड होतं. एकेक अर्ज उचला: बँकेचा शिक्का, चेकचा नंबर, सही. सांगली, इचलकरंजी, अकोला, राजकोट. एका शिक्षकांनी पत्त्याच्या चौकोनात मावेना म्हणून बारीक अक्षरात ‘मारुती मंदिरामागे’ असं लिहिलंय. एका आजींची सही मराठीत आहे, प्रत्येक अक्षर सुटं आणि शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी. ही सही चालते. अंगठा असेल तर मात्र मॅजिस्ट्रेटची किंवा नोटरीची साक्ष हवी, नाहीतर अर्ज बाद. तासाभरात बोटं काळी होतात. सकाळी काचेच्या खोलीत तुम्ही ‘जनतेकडून भांडवल’ अशी एक ओळ टाइप केली होती. ती जनता आता तुमच्या बोटांना लागली आहे.

घरी जायचा विचार करताय? आज प्रेसची रात्र आहे. उद्या प्रॉस्पेक्टस, म्हणजे इश्यूची माहितीपुस्तिका, छापून हवं.

लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रात्री अकराला पोचा. जिना अंधारा, आत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. ऑफसेट मशीनच्या ठेक्याने पायाखालची लादी थरथरते. शाई आणि रॉकेलचा वास घशात उतरतो. प्रूफ असं वाचायचं: एकाने मूळ प्रत मोठ्याने म्हणायची, अगदी कॉमा-फुलस्टॉपसकट, आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवायचं. मशीनवर मात करायला ओरडावं लागतं. मध्ये वडापाव येतो, तेलकट बोटं टायला पुसली जातात. रात्री दोननंतर शून्यं डोळ्यांसमोर पोहू लागतात. तोंडावर पाणी मारा आणि पुन्हा बसा, कारण या पुस्तिकेत खोटं छापलं तर कायदा संचालकांना धरतो. आणि ज्यांनी पैसे घातले, त्यांना परत कोण देणार?

आता लक्ष द्या. सुरुवातीच्या पानावर कारखान्याची क्षमता वर्षाला १२,००० टन. पुढे नफ्याच्या अंदाजाखालच्या तळटीपेत १,२०,०००. एक शून्य जास्त! प्लेट मशीनवर चढलीय. फोरमन घड्याळाकडे बघतोय. सोबतचे वरिष्ठ भिंतीला टेकून पेंगलेत. ट्रेनीने तोंड उघडावं का?

उघडा. त्या पोत्यातल्या शिक्षकांना आणि आजींना कारखाना बघायला कुणी नेणार नाही. त्यांच्या हाती हा कागदच पडणार, आणि त्यातला आकडा खरा असणं हेच इथलं खरं काम. बाकी टाय, एसी, लोटस ही सगळी तयारी. मशीनच्या वर आवाज चढवा: ‘थांबवा!’

ठेका थांबतो. फोरमन कपाळाला हात लावतो, वरिष्ठ दचकून उठतात, दोन्ही पानं शेजारी धरून बघतात आणि लाल पेन मागतात. नवी प्लेट यायला तासभर लागेल. तेवढ्यात चहा मागवा आणि उरलेल्या सगळ्या तळटीपा पहिल्यापासून तपासायला घ्या.