मुक्तांबा छत्र : ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी काय?

तंजावरविषयी लिहावयाचे म्हटले की बृहदीश्वराचे मंदिर व सरस्वती महाल ग्रंथालय हीच नावे प्रथम पुढे येतात. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मात्र एका धर्मशाळेचा विचार करणार आहोत. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाड हे गाव आहे. तेथे सरफोजी राजे (दुसरे) यांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबा छत्र बांधविले. ज्ञानकोशात त्याची स्वतंत्र नोंद असावी काय, हा आमच्यापुढील प्रश्न होय.

सरकारी नोकरीत तीस वर्षे टिपणे लिहून आम्हांस एक सवय जडली आहे. प्रथम प्रतिकूल मुद्दे मांडावे, निर्णय मागाहून द्यावा. वास्तू जुनी आहे, पण केवळ वयाने नोंद मिळू लागली तर कावेरीकाठचे प्रत्येक देऊळ कोशात घ्यावे लागेल. ती राजाने बांधली, पण राजे लोकांनी पुष्कळच बांधले. राजाची प्रिया मुक्तांबा हिच्या अंतिम इच्छेवरून हे छत्र उभे राहिले, असे सांगतात. कथा हृद्य खरी. तथापि कोश कथेवर उभा राहत नाही. आणि ते मराठ्यांचे आहे म्हणून आम्हांस प्रिय आहे, हे तर कारणच नव्हे.

मग पुरावा कोणता? १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. छत्रांचे उत्पन्नही जाईल, या चिंतेने सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस पत्र लिहिले. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांत काय चालते, याचा तपशील त्यात आहे. यात्रेकरूंस शिजविलेले अन्न, ज्यांस ते चालत नाही त्यांस कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांस हाक. आजाऱ्यास वैद्य, गर्भवतीची काळजी, अनाथ मुलांस दूध व शिक्षण, आणि मृतास त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यसंस्कार. छत्रे अखेर राजांच्याच व्यवस्थेत राहिली.

येथे एक अडचण येते व ती लपविणे बरे नव्हे. हे पत्र सर्व छत्रांविषयी आहे, एकट्या ओरत्तनाडविषयी नाही. म्हणून ‘तंजावरची छत्रे’ अशी एकत्रित नोंद प्रथम हवी. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र व इतर छत्रे तीत यावीत.

परंतु मुक्तांबा छत्रास आणखी एक आधार आहे. तेथे सरफोजींनी शाळा चालविली आणि देशी भाषांबरोबर इंग्रजीही शिकविली. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. त्यापूर्वी तीन दशके एका देशी राजाने केलेला हा प्रयोग होय. १८५५ मध्ये शिवाजी राजे (दुसरे) निपुत्रिक वारले व राज्य खालसा झाले. तरीही ही वास्तू पुढे दीर्घकाळ शाळा व विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून उपयोगी पडली. वाटसरूची धर्मशाळा विद्यार्थ्याची शाळा झाली, ही गोष्ट इतर छत्रांच्या यादीत एका ओळीत मावत नाही.

सबब आमचा अभिप्राय असा : स्वतंत्र नोंद द्यावी, पण ती आटोपशीर असावी. मुक्तांबेची आख्यायिका तीत यावी, मात्र आख्यायिका म्हणूनच. आणि नोंद लिहिणाऱ्याने मोडीतील दफ्तर तपासल्यावाचून लेखणी उचलू नये. हे दफ्तर वाचणारे फार थोडे उरले आहेत. मंडळाच्या तरुण सभासदांपैकी दोघांनी जरी मोडी शिकण्याचे मनावर घेतले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.