औंध संस्थानातील निवडणुका
औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील ७२ गावांचे छोटे संस्थान. त्याचा मुलूख विखुरलेला होता : औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्यासाठी केलेल्या संस्थानाच्या राज्यघटनेच्या घडणीत महात्मा गांधी, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा वाटा होता. ग्रामस्थ पंचायत निवडत. पंचायतींच्या प्रतिनिधींतून तालुका समित्या व त्यांतून विधिमंडळ बने. गावातील तंट्यांचा निवाडाही निवडलेल्या पंचांकडे आला, त्यामुळे न्याय रयतेच्या दारी पोहोचला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले; तथापि स्वातंत्र्यापूर्वीचा हा ग्रामस्वराज्याचा प्रयोग लोकशाहीच्या इतिहासात मोलाचा ठरतो.