कुराण पठण शिकायचंय? देवनागरी पुस्तकावर थांबू नका, सुरुवात अशी करा

अरबीत 'क़ुल' म्हणजे 'सांग' आणि 'कुल' म्हणजे 'खा'. 'क़ल्ब' म्हणजे हृदय, तर 'कल्ब' म्हणजे कुत्रा. देवनागरीत 'क'खालचा नुक्ता गळला की या जोड्यांमधला फरकच संपतो. कुराणाचे शेवटचे तीनही अध्याय 'क़ुल' या शब्दाने सुरू होतात आणि लहान असल्यामुळे ते नमाजमध्ये नेहमी म्हटले जातात. त्यामुळे एका अक्षराची चूक रोज, अनेकदा होत राहते.

ही चूक टाळण्याचं शास्त्र म्हणजे 'तजवीद'. मोठेपणी पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी ते कुठून सुरू करावं, समजून घेऊया.

तजवीद म्हणजे काय?

या शब्दाचा अर्थ 'उत्तम करणे'. प्रत्येक अक्षर त्याच्या जागेवरून, त्याच्या गुणांसह उच्चारायचं, एवढंच त्याचं सूत्र. कुराणात 114 अध्याय आहेत. त्यांना सूरह म्हणतात. वाचनाच्या सोयीसाठी कुराणाचे 30 भाग म्हणजे पारे केले आहेत. 73व्या अध्यायात सावकाश, स्पष्ट वाचायला सांगितलं आहे. याच पद्धतीला 'तरतील' म्हणतात. इब्न अल-जज़री (1350-1429) या विद्वानाने तजवीदचे नियम पद्यात बांधले. ते पद्य आजही शिकवलं जातं.

देवनागरी किंवा उर्दू का पुरत नाही?

अरबीत 28 अक्षरं आहेत. त्यातली सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरं देवनागरीत 'स' होतात. ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय ही चारही 'ज' होतात. छोटी हे आणि बडी हे या दोन्हींसाठी एकच 'ह' आहे. घशातून येणाऱ्या 'ऐन'साठी तर आपल्याकडे अक्षरच नाही.

उर्दू येत असली तरी प्रश्न सुटत नाही. उर्दूत ही अक्षरं लिहिताना वेगळी असतात, पण बोलताना बरीचशी सारखीच होतात. दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'क़'चा 'ख' होतो. म्हणून भाषा कोणतीही असो, अरबी ध्वनी नव्याने शिकावे लागतात.

पायरी 1: अक्षराची जागा ओळखा

अक्षर जिथून उमटतं त्या जागेला 'मख़रज' म्हणतात. प्रचलित मोजणीनुसार असे 17 मख़रज आहेत. ते पाच भागांत विभागले आहेत: तोंड-घशाची पोकळी, घसा, जीभ, ओठ आणि नाकाची पोकळी. एकट्या घशातून सहा अक्षरं येतात.

जागा ओळखायची जुनी युक्ती सोपी आहे. अक्षराच्या आधी 'अ' लावा आणि त्या अक्षरावर थांबा. 'अक्' आणि 'अक़्' म्हणून पाहा. पहिल्यात जीभ थोडी पुढे टेकते, दुसऱ्यात जिभेचं मूळ पडजिभेजवळ जातं.

पायरी 2: कायदा पूर्ण करा

इथे 'कायदा' म्हणजे अंकलिपीसारखं पहिलं पुस्तक. भारतातल्या अनेक मकतबांमध्ये 'नूरानी कायदा' वापरतात. त्यात सुटी अक्षरं, जोडलेली अक्षरं, मग ज़बर, ज़ेर, पेश या स्वरखुणा, असा क्रम असतो. मोठ्या माणसांना हे पोरखेळ वाटतं आणि ते थेट कुराण उघडतात. पुढे अडखळण्याचं मोठं कारण हेच असतं.

पायरी 3: नियम थोडे-थोडे घ्या

काही नियम मराठी माणसाला ओळखीचे वाटतील. आपण 'कंबर'मधला अनुस्वार 'म्' म्हणतो, 'कांदा'मधला 'न्', तर 'पंखा'मधला 'ङ्'. पुढचं अक्षर पाहून अनुस्वार बदलतो. अरबीतही स्वर नसलेल्या 'नून'चा उच्चार पुढच्या अक्षरानुसार ठरतो. त्याचे चार प्रकार आहेत. 'ब' पुढे आला की 'नून'चा 'म्' होतो.

'मद' म्हणजे स्वर लांबवणं. साधा मद दोन मात्रांचा असतो आणि काही ठिकाणी तो सहा मात्रांपर्यंत जातो.

पायरी 4: एकाच क़ारीला ऐका

इजिप्तचे महमूद ख़लील अल-हुसरी (1917-1980) यांचं संथ, स्पष्ट पठण नवशिक्यांना सोयीचं आहे. एक आयत ऐका, थांबवा, म्हणा, पुन्हा ऐका.

मोरोक्को किंवा अल्जेरियातलं पठण ऐकून काही शब्द वेगळे वाटले, तर ती चूक समजू नका. पठणाच्या दहा परंपरा मान्य आहेत. भारतात 'हफ़्स' चालते, तिकडे 'वर्श'.

पायरी 5: कोणाला तरी ऐकवा

व्हिडिओ तुम्हाला ऐकवतो, तुमचं ऐकत नाही. आपली चूक आपल्याच कानाला बरोबर वाटते. म्हणून पूर्वीपासून हे शिक्षण समोरासमोर बसून चालत आलं आहे. आठवड्यातून दोनदा जरी जाणकार उस्तादांना किंवा उस्तानींना ऐकवलं, तरी चुका पक्क्या होण्याआधी सुटतात.

आधी कोणती चूक सुधारायची?

चुकांचे दोन प्रकार मानतात. अक्षर किंवा स्वर बदलणं ही 'लहन जली', म्हणजे उघड चूक. स्वर थोडा कमी लांबवणं, नाकातला सूर सुटणं ही 'लहन ख़फ़ी', म्हणजे सूक्ष्म चूक. आधी उघड चुका काढा. सुरेल आवाजाचा विचार त्यानंतर.

अडखळत वाचलं तर?

अनेक जण लाजेपोटी शिकायलाच जात नाहीत. पण बुख़ारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत यावर स्पष्ट उल्लेख आहे: जो अडखळत, कष्टाने कुराण वाचतो, त्याला दुप्पट पुण्य मिळतं.

सुरुवातीला लक्ष्य छोटं ठेवा. 'फ़ातिहा' हा पहिला अध्याय सात आयतींचा आहे आणि नमाजच्या प्रत्येक रकातमध्ये तो म्हटला जातो. रोज पंधरा मिनिटं देऊन आधी या सात आयती अक्षर-अक्षर शुद्ध करा. तो सुधारला की रोजची प्रत्येक नमाज सुधारते.