मेंदूचा नकाशा आणि 'कातर रे भाजी'

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास धाकट्या बहिणीचा म्हापशाहून फोन आला. आवाज रडवेला. "भाई, पोराचं ब्रेन मॅपिंग करायला सांगितलंय. त्यानं असं काय केलंय रे?"

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. वर्गात एका जागी न टिकणारा, निम्म्यावर वही मिटून खिडकीबाहेर पाहत बसणारा. शाळेने बोलावून घेतले, तिथे कुणीतरी एका केंद्राचे नाव सुचवले. केंद्रवाल्यांनी सांगितले की आधी मेंदूचा नकाशा काढू, आणि तो पाहून 'न्यूरोफीडबॅक'च्या चाळीस बैठका ठरवू. बहिणीच्या मनात मात्र 'ब्रेन मॅपिंग' म्हणताच पोलीस कोठडी उभी राहिली होती.

तिला तरी दोष कसा द्यायचा? हा शब्द आपल्या मराठी वर्तमानपत्रांतून घरात शिरला तोच मुळी गुन्ह्यांच्या बातम्यांतून. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याचे ते दिवस. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मोकळीक दिली. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात शिक्षा देताना न्यायालयाने मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला आणि जगभर त्याची चर्चा झाली. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माणसाच्या संमतीवाचून नार्को, लाय डिटेक्टर वा मेंदूची अशी चाचणी करता येणार नाही. तोवर शब्द बदनाम व्हायचा तो झालाच होता.

त्या चाचणीत संशयिताला शब्द किंवा वाक्ये ऐकवून, मेंदू ओळखीची खूण देतो का, हे पाहायचे असते. दवाखान्यातला नकाशा वेगळा. तिथे काही विचारतच नाहीत. मूल काही मिनिटे डोळे मिटून आणि काही मिनिटे उघडून स्वस्थ बसते, बस्स. यंत्राचे मूळ मात्र दोन्हीकडे एकच, आणि ते मूळ मोठे विलक्षण आहे.

जर्मनीतला हान्स बर्गर हा तरुण १८९०च्या दशकात सैन्यात सक्तीची चाकरी करत होता. कवायतीत त्याचा घोडा बिथरला आणि तो तोफेच्या गाड्याच्या चाकापुढे पडला. चाक अगदी जवळ येऊन थांबले. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली, कुशल आहेस ना? दूर गावी असलेल्या बहिणीला एकाएकी वाटले होते की भावावर संकट आले आहे. बर्गरची खात्री पटली की भीतीच्या त्या क्षणी आपल्या मनातून काहीतरी निघाले आणि बहिणीपर्यंत पोचले. त्या 'काहीतरी'ची मोजदाद करायची, या एका ध्यासापायी तो वैद्यकाकडे वळला, येना शहरात मनोविकारतज्ज्ञ झाला. ६ जुलै १९२४ रोजी त्याने प्रथम माणसाच्या मेंदूतले विद्युत्‌ स्पंदन कागदावर उतरवले. पुढे घरच्या मुलांना बसवून प्रयोग केले. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा अशा संथ लाटा उठत, उघडले की त्या विरत. या त्याच्या अल्फा लहरी. मुलीला गणित घातले तरी त्या मावळत. १९२९ मध्ये त्याने निबंध छापला. कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे ईईजीला मान्यता मिळाली. टेलिपथी काही बर्गरच्या हाती लागली नाही. मनोविकारांचा हा डॉक्टर खिन्नतेने ग्रासला आणि १९४१ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला.

पण लाटांचे आलेख म्हणजे नकाशा नव्हे. नकाशाला जागा लागतात. ब्रिटनमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९३६ मध्ये मेंदूतली गाठ कुठे आहे ते संथ लाटांच्या उगमावरून शोधले, ही नकाशाची पहिली पावले. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी डोक्याची मोजणी ठरवून दिली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजायचे, त्याचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडायचे आणि त्या खुणांवर इलेक्ट्रोड बसवायचे. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. आपल्याकडे जमिनीची मोजणी करणारे खुणेचे दगड घालतात ना, तसेच! आजही एकोणीस इलेक्ट्रोडची जी टोपी घालतात ती याच खुणांची.

मग संगणक आला. लाटांच्या गुंत्यातून संथ किती, मध्यम किती, जलद किती हे वेगळे काढता येऊ लागले. न्यूयॉर्कच्या रॉय जॉन यांनी १९७७ मध्ये पुढची कल्पना मांडली. निरोगी माणसांच्या नोंदी वयानुसार साठवायच्या आणि समोरच्या रुग्णाची त्यांच्याशी तुलना करायची. १९७९ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक डफी यांनी या आकड्यांना रंग दिले. बहिणीच्या हाती पुढे जो कागद पडला, त्यावरची लाल-निळी गोल डोकी ही या दोघांची वंशज.

दुसरा धागा याच काळात वेगळीकडे विणला जात होता. १९५८ मध्ये शिकागोत जो कामिया यांनी एका विद्यार्थ्याला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसवले. घंटी वाजली की त्याने सांगायचे, आता अल्फा चालू आहे की नाही. चूक की बरोबर ते लगेच कळवायचे. पहिल्या दिवशी उत्तरे छापा-काट्यासारखी, निम्मी बरोबर. चौथ्या दिवशी जवळजवळ एकही चूक नाही. पुढे असेही दिसले की अशी माणसे सांगाल तेव्हा अल्फा आणू शकतात, मात्र ती कशी आणतात हे त्यांना धड सांगता येत नाही.

आपल्या योग्यांची आठवण इथे येणारच, आणि ती नुसती अभिमानापोटी नव्हे. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि बलदेव सिंग या तिघांनी योग्यांच्या ईईजीवर निबंध प्रसिद्ध केला होता. ध्यानात असताना प्रकाश, आवाज, स्पर्श यांनी त्यांच्या अल्फा लहरी मोडत नव्हत्या. दोघे तर चार अंशाच्या थंड पाण्यात पाऊण तासावर हात बुडवून बसले आणि अल्फा तशीच. या बातमीने अमेरिकेत वेगळेच पीक काढले. सत्तरच्या दशकात तिथे घरबसल्या समाधी देणारी अल्फाची यंत्रे विकली जाऊ लागली आणि चांगला विषय बाजारात बसला तो बसलाच.

खरे मोलाचे काम झाले ते मांजरांवर. लॉस एंजलिसजवळ बॅरी स्टरमन मांजरांना दुधाच्या घोटाची लालूच दाखवून १२ ते १५ आवर्तनांची एक विशिष्ट लय वाढवायला शिकवत होते. पुढे त्यांच्याकडे अग्निबाणाच्या इंधनाचे विषारी परिणाम तपासण्याचे काम आले. ते इंधन टोचले की मांजरांना फेफरे येई. काही मांजरांना मात्र ते फार उशिरा आले. नोंदी चाळल्या तेव्हा कळले की ही पूर्वी शिकवलेली मांजरे! त्यातून १९७२ मध्ये अपस्माराच्या एका तरुणीवर हाच प्रयोग झाला आणि तिचे झटके कमी झाले. टेनेसीच्या जोएल लुबार यांनी १९७६ मध्ये तीच युक्ती चंचल मुलांकडे नेली.

इथे दोन्ही धागे एकत्र येतात. लुबार यांना अशा मुलांच्या मेंदूत संथ थीटा लहरी जास्त आणि जलद बीटा कमी दिसल्या. म्हणून थीटा उतरवा, बीटा चढवा. पण सगळीच चंचल मुले एका साच्याची नसतात. काहींत थीटा जास्त नसतेच, काहींत बीटाच उतू जाते. त्यांनाही तेच शिकवले तर उगाच तळतळाट! म्हणून आधी नकाशा, मग शिकवणी. नकाशा सांगतो कुठे इलेक्ट्रोड लावायचा, कोणती लय चढवायची, कोणती उतरवायची. मग समोर पडद्यावर एखादा चित्रपट चालतो. लय हवी तशी असली की चित्र लखलखीत, बिघडली की मंद. मूल आपोआप शिकते. नैराश्य, चिंता, निद्रानाश यांसाठीही हीच वाट दाखवली जाते.

कागदावर सगळे पटण्यासारखे आहे. म्हणूनच भाच्याचा नकाशा हाती आला तेव्हा मी तो दोन रात्री घेऊन बसलो. कपाळाच्या बाजूला लाल डाग होता आणि बहीण त्या डागावरून बोट हलवत नव्हती. मी तिला पानावरच हिशेब मांडून दाखवला. एकोणीस जागा, प्रत्येक जागी पाच प्रकारच्या लाटा, म्हणजे पंचाण्णव आकडे. 'नेहमीपेक्षा वेगळे' म्हणजे शंभरात पाच जण बाहेर पडतील इतके वेगळे, असे धरले तर अगदी ठणठणीत माणसाच्या कागदावरही चार-पाच डाग निव्वळ योगायोगाने उमटणार. त्यात पोराने डोळे मिचकावले, दात आवळले, पेंगले, की रंग आणखी बदलतात. अमेरिकेच्या मज्जातंतुतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच बजावले होते की अवधानाच्या तक्रारींत असल्या नकाशाच्या भरवशावर निदान करू नका. हा इशारा केंद्रात कुणी दिला नव्हता. दिली होती ती चाळीस बैठकांची फी, आगाऊ भरण्यासाठी.

आणि याहून कळीचा प्रश्न पुढेच होता. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सात ते दहा वर्षांची १४२ मुले, सगळी थीटा-बीटाचे प्रमाण मोजून निवडलेली, म्हणजे नकाशानुसार अगदी योग्य. काहींना खरी शिकवणी दिली. काहींना खोटी, म्हणजे पडद्यावर दिसे ते दुसऱ्याच मुलाच्या जुन्या नोंदीवरून. कोणाला काय मिळाले ते आईबापांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि बरीच सुधारली. दोहोंत फरक मात्र नाही! निद्रानाशावर ऑस्ट्रियात २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासातही तेच. खोट्या लाटांवर शिकलेल्यांनाही झोप बरी लागल्यासारखे वाटले.

हे वाचले आणि मला जुन्या सचिवालयाजवळचा तो पुतळा आठवला. पणजीत गेलो की ज्याच्या बाजूने आपण सगळे जातो, तो आबे फारिया. १९४५ मधले रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे शिल्प. खाली कोसळणारी स्त्री आणि तिच्यावर पसरलेले पाद्रीचे हात. परगावचे पाहुणे दचकतात, खून चाललाय की काय! १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने १८१३ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. त्या काळचे संमोहक म्हणत की आमच्या हातातून चुंबकी द्रव वाहतो आणि तो रुग्णाला झोपवतो. फारिया म्हणाला, माझ्याकडून काहीही वाहत नाही, कारण झोपणाऱ्याच्याच ठायी आहे. लोकांनी त्याला भोंदू ठरवले. १८१९ मध्ये त्याने ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी तो गेला.

त्याच्या तरुणपणीची कथा गोव्यात घरोघर सांगतात. लिस्बनमध्ये राणीपुढे प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून कोकणीत पुटपुटले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोराची जीभ सुटली. खरी असो वा रचलेली, खोट्या लाटांवर सुधारलेली मुले बघितली की या कथेचा अर्थ नव्याने उमगतो. फारियाला पुढे मान दिला तो एगास मोनीज या पोर्तुगीज डॉक्टरने, १९२५ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहून. योगायोग पाहा. दोनच वर्षांनी याच मोनीजने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढायची रीत शोधली, तोही एक नकाशाच. नोबेल मात्र त्याला १९४९ मध्ये मिळाले ते मनोरुग्णांच्या मेंदूतले धागे कापण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, जिच्याबद्दल आज शरमेने बोलतात.

तर मग सगळाच बनाव म्हणायचा? मला तसे म्हणवत नाही, ते स्टरमनच्या मांजरांमुळे. त्या मांजरांना कुणी आश्वासन दिले नव्हते, त्यांनी फी भरली नव्हती, आईबाप काळजीने शेजारी बसले नव्हते. तरी त्यांचे मेंदू काहीतरी शिकले होते. न्यूरोफीडबॅक पोकळ नाही. पण नकाशात लाल दिसले, तिथे शिकवणी केली, म्हणून मूल सुधारले, ही साखळी अजून कुणी पक्की जोडून दाखवलेली नाही. एवढे सांगून जो फी घेईल त्याला माझा नमस्कार.

बहिणीला मी इतकेच सुचवले की आधी मूळ आलेख मज्जातंतूच्या डॉक्टरांना दाखव. फेफऱ्याच्या खुणा रंगीत चित्रात लपू शकतात, रेघांत दिसतात. तशा काही नव्हत्या. मग बालमनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, अभ्यासाच्या वेळा बदलल्या, शाळेत पहिला बाक मागून घेतला. मेहुण्यांच्या आग्रहाने बाराएक बैठकाही झाल्या, दर शनिवारी, बहीण बसने घेऊन जायची. जाताना-येताना दोघांच्या गप्पा व्हायच्या आणि परतताना मार्केटात भजी-पाव. पोरगे आता पुष्कळ निवळले आहे. कशाने, ते मला विचारू नका.

परवा चतुर्थीला तो घरी आला होता. माटोळीखाली बसून मोदक खात होता. मी विचारले, "त्या मशीनवर चित्र उजळ कसं करायचास रे?"

"काही करायचं नाही मामा," तो म्हणाला. "करायला गेलं की अंधार होतो."