घरापर्यंतच्या फायबरची जुनी वाट

रायपूर स्थानकाच्या पलीकडच्या अंगाला, रुळांना लागून गुढियारी वसली आहे. किराण्याच्या घाऊक व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या अशा दाट वस्तीतल्या घरांत फायबरचे ब्रॉडबँड येते, तेव्हा ती एखाद्या कंपनीच्या धडाडीची किंवा नव्या तंत्रज्ञानाच्या चमत्काराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. काचेचा तंतू घरात पोहोचला तो सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक कायद्याने आधीच मोकळ्या झालेल्या वाटांवरून. त्या वाटा कोणाच्या ताब्यात आहेत, यावरच जोडणी कोणाला, केव्हा आणि किती दामात मिळणार हे ठरत आले आहे.

सुरुवात रुळांपासून करावी लागते. नागपूरहून छत्तीसगडकडे निघालेली मीटर गेज गाडी १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत रायपूर-बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत नेला. तार ही त्या काळी गाड्या चालवण्याचीच गरज होती, त्यामुळे रुळांबरोबर तारेचे खांबही उभे राहत. याच सुमारास, १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तार खात्याला खासगी जमिनीवरून, खालून किंवा बाजूने तार नेण्याचा अधिकार दिला होता. जमीन मालकाचीच राहायची, खात्याला फक्त वापराचा हक्क मिळायचा. नगरपालिकेच्या ताब्यातल्या जागेसाठी मात्र तिची परवानगी आवश्यक होती. दूरसंचाराचा पाया असा वाटेच्या हक्कावर घातला गेला.

दुसरा टप्पा २००० सालचा. २६ सप्टेंबरला रेल्वेच्या मालकीची रेलटेल स्थापन झाली, १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याचा कारभार बीएसएनएलकडे गेला आणि १ नोव्हेंबरला रायपूर छत्तीसगड या नव्या राज्याची राजधानी झाले. रेलटेलचे मोठे भांडवल म्हणजे रुळांलगतची पट्टी. शेतजमीन विकत न घेता, गावोगावी परवानग्यांसाठी न थांबता तिला देशभर फायबर टाकता आले. पुढे याच जाळ्यावर रेलवायर ही घरगुती सेवा उभी राहिली आणि तीही बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलचालकांच्या हातून घराघरांत गेली. मुंबई-हावडा मार्गावरच्या रायपूरसारख्या शहरासाठी याचा अर्थ असा की मुख्य वाहिनी जुन्याच वाटेने दारापाशी आली. उरली ती गल्ली.

गल्लीचा इतिहास कमी सांगितला जातो, पण खरा पेच तिथेच होता. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरोशहरी केबल टीव्ही पसरला. गच्चीवरून गच्चीवर, विजेच्या खांबावरून खांबावर तार नेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी तो पसरवला. १९९५ च्या केबल कायद्याने त्यांना टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली, पण खांबावरच्या हक्काचा प्रश्न संदिग्धच राहिला. फायबर आले तेव्हा मोठ्या कंपन्यांना याच माणसांची गरज पडली. घर कोणाचे, गच्ची कोणाची, हप्ता कोण वेळेवर देतो, हे त्यांनाच ठाऊक होते. बीएसएनएलने त्यांना उत्पन्नात वाटा देऊन भागीदार केले. रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये हाथवे आणि डेन या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याचे जाहीर केले आणि ५ सप्टेंबर २०१९ ला तिचे जिओ फायबर व्यावसायिकरीत्या सुरू झाले. एका फायबरवरचा प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटणारे जीपॉन तंत्र तोवर दीड दशक जुने होते. म्हणजे अडले होते ते तंत्रापाशी नव्हे, गल्लीतून जाण्याच्या वाटेपाशी.

यावर पहिला आक्षेप असा की भारतात इंटरनेट मोबाइलवरून आले, घरात तार हवीच कशाला? शंभरातल्या नव्वदांहून अधिक ब्रॉडबँड जोडण्या आजही बिनतारी आहेत, हे खरेच. छत्तीसगड सरकारनेही २०१८ च्या संचार क्रांती योजनेत स्मार्टफोन वाटण्याचाच मार्ग धरला. पण मोबाइलच्या मनोऱ्यालाही वेग मिळतो तो बहुधा फायबरमुळेच. आणि फोन हातात आला म्हणजे जाळे पोहोचले असे होत नाही. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. थोड्याच दिवसांत त्याला लाउडस्पीकरची आणि ब्लूटूथवरून धडे पोचवण्याची जोड द्यावी लागली. एका घरातली दोन मुले आणि काम करणारा पालक एकाच वेळी जोडले जायचे, तर मर्यादित डेटाचा एक फोन पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सारे खासगी भांडवलाने आणि स्पर्धेने साधले, सरकारी योजना तर रखडल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना दोन वर्षांत पंचायतींपर्यंत जायची होती. तिचे नाव भारतनेट झाले, मुदती सरकत राहिल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. ही टीका रास्त आहे. पण तिच्यातून निघणारा धडा असा की पंचायतीच्या कार्यालयात तार संपवून चालत नाही, गल्लीत ती नेणारा माणूस लागतो. खासगी भांडवलाने घरे जोडली, तीही उघड्या वाटांवरून. म्हणूनच कंपन्या वर्षानुवर्षे वाटेच्या हक्काच्या नियमांसाठी आग्रह धरत होत्या. २०१६ च्या नियमांनी परवानगीची रीत आखून दिली. २०२२ च्या दुरुस्तीने रस्त्यावरच्या खांबावरून तार नेण्यासाठी वर्षाला खांबामागे १०० रुपये एवढेच शुल्क ठरवले. वाट सार्वजनिक ठेवून तिचे भाडे माफक ठेवणे, हाही सरकारी हातभारच आहे.

तेव्हा या इतिहासातून एक मागणी सरळ निघते. खांब, नळ्या आणि गच्चीवरची वाट कोणा एका कंपनीच्या कराराने बंद होऊ नये. ज्या गल्लीत एकालाच शिरता येते, तिथल्या रहिवाशाला तो म्हणेल तो दर द्यावा लागतो. सामायिक वाटेमुळे गुंतवणूक आटेल, ही भीतीही रेलटेलच्या उदाहरणापुढे टिकत नाही, कारण रेल्वेची पट्टी रेल्वेची राहूनही तिच्यावरचे फायबर इतर कंपन्यांनी भाड्याने घेतले आणि तो व्यवसाय वाढला. रायपूरच्या महानगरपालिकेने प्रत्येक प्रभागात नवे रस्ते आणि नाले बांधतानाच सर्वांना खुली नळी टाकावी, आणि गल्लीत जोडणी देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला तिच्यावर तोच हक्क द्यावा जो मोठ्या कंपनीला आहे. घरापर्यंत फायबर आणणाऱ्यांचे श्रम त्याशिवाय फुकट जातील आणि गुढियारीतल्या घरांना निवड नावाचीच उरेल.