बाबांची राजदूत आणि २०४१ साल

पोस्ट लांबलचक आहे. सुरुवात मोटारसायकलीपासून आहे, शेवट कायद्यावर आहे. सवडीनं वाचा.

२०२४ च्या दिवाळीत घर झाडताना धाकटा भाऊ म्हणाला, "गोठ्यातली गाडी देऊन टाकू भंगारवाल्याले. किलोवर घेतो म्हणते."

गाडी म्हणजे बाबांची राजदूत. १९९१ ची, नंबर एमएच-३० चा. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आपलं मेडशी अकोला जिल्ह्यातच होतं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, पुढे नव्या गाड्यांवर एमएच-३७ दिसायला लागलं. ही मात्र जुन्या जिल्ह्याचा नंबर घेऊन गोठ्यात उभी राहिली. वीस वर्षं झाली. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकीला गंज, पुढच्या चाकाला कुटाराचं पोतं टेकवलेलं.

मी भावाला म्हटलं, थांब. मी करून बघतो.

बाबा पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. रात्री-बेरात्री निरोप यायचा, गाय अडली आहे, बैल फुगला आहे. एसटी दिवसातून दोनदा, तीही डांबरी रस्त्यापर्यंतच. तिथून पुढे पांदण, नाला, मुरमाचा चढ. कॅरिअरला औषधाची पेटी बांधून राजदूत तिथं जायची. मी अकरा वर्षांचा होतो. शाळेला सुटी असली की टाकीवर बसून जायचो. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन ती गाडी घेतली होती, हे मला फार नंतर कळलं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण ही गाडी आपल्या गोठ्यापर्यंत आली कशी, तेच मुळात मजेशीर आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन वाचवायचं म्हणून सरकारनं बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर बंधनं घातली. मोटारसायकल हवी तर इथंच बनवा, आणि बनवायची तर परवाना घ्या, असा तो काळ. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डचं काम सुरू झालं, बुलेट आली. मुंबईत जावा गाड्या विकणारे रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा कारखाना काढला. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या तंत्रावर तिथं गाड्या बनू लागल्या, त्याच पुढे येझदी झाल्या. आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीजवळ फरिदाबादला एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या मदतीनं राजदूत काढली.

पोलंडमध्ये किएल्त्से नावाचं शहर आहे. तिथल्या कारखान्यात एसएचएल नावाची मोटारसायकल बनायची. तिचं एम-११ हे मॉडेल म्हणजे आपली राजदूत. १७३ सीसीचं एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीन गिअर. एस्कॉर्ट्सनं ट्रॅक्टरसाठीही पोलंडच्याच उर्सस कंपनीचा हात धरला होता. म्हणजे त्या काळात एखाद्या शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आणि राजदूत दोन्ही उभे असतील, तर दोघांचं मूळ एकाच देशात असू शकत होतं.

किएल्त्सेत मोटारसायकली बनणं १९७० च्या सुमारास थांबलं. आपल्याकडे राजदूत त्यानंतरही काही दशकं निघत राहिली. एक तर स्पर्धा कमी होती. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लुना आली १९७२ मध्ये, पण पन्नास सीसीच्या लुनावर औषधाची पेटी आणि मागे शेतकरी बसवून पातूरचा घाट कोण चढवणार? बुलेट महाग आणि जड. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना बांधून रोज वीस-पंचवीस किलोमीटर खड्ड्यांतून काढायचे, तर राजदूतच. सिनेमातही ती होती. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूर चालवतो ती छोटी राजदूत लोकांनी 'बॉबी' याच नावानं ओळखली. पण खेड्यात तिला मान मिळाला तो दूधवाले, ग्रामसेवक, कंपाउंडर आणि माझ्या बाबांसारख्या माणसांमुळे.

दुसरं कारण मला गाडी खोलल्यावर कळलं.

गावात एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. हात आता थरथरतो, म्हणून दुकान मुलाकडे दिलंय. मी गाडी ढकलत नेली तेव्हा त्यांनी आधी हसून घेतलं, मग म्हणाले, "भाऊ, इंजिन मरत नाही. माणूस कट्टाळते."

मग ठरलं असं. चाचा खाटेवर बसून सांगणार, मी आमच्या अंगणात करणार. रोज बातम्या पाठवून झाल्या की रात्री दोन तास आणि रविवार अख्खा.

गंजलेले नट आठवडाभर डिझेलमध्ये भिजवले, तरी दोन तुटलेच. टाकीत मूठभर जुने नट आणि डिझेल टाकून भाऊ आणि मी दोन्हीकडून धरून हलवत बसलो, आतून लाल चिखल निघाला. सायलेन्सरमध्ये काजळी एवढी साचलेली की फुंकर पलीकडे जाईना. चाचा म्हणाले, जाळा. पऱ्हाटीचा जाळ करून सायलेन्सर त्यात टाकला, लाल झाल्यावर काढून ठोकला, तेव्हा पोपडे पडले. सिलिंडरमध्ये पिस्टन चिकटून बसला होता. तो सोडवून ब्लॉक अकोल्याला लेथवाल्याकडे नेला, बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. क्रँकची दोन्ही ऑईल सील नवी टाकली. टू-स्ट्रोकमध्ये सील गेली की क्रँककेसमध्ये हवा ओढली जाते आणि कार्बोरेटर कितीही साफ करा, गाडी सुरळीत चालतच नाही. हे चाचांनी सांगितलं नसतं, तर मी महिनाभर कार्बोरेटरच पुसत बसलो असतो.

पॉइंटचा गॅप त्यांनी बिडीच्या बंडलाचा कागद घडी करून लावला. मी मोबाईलवर माप शोधत होतो तोवर त्यांचं झालंही होतं.

सांगायचा मुद्दा हा, की या गाडीत असं काहीच नाही जे तालुक्याच्या गावात दुरुस्त होत नाही. पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा आणि लेथ. लॅपटॉप जोडावा लागत नाही, कंपनीचा कोड लागत नाही. म्हणून गावोगाव मिस्त्री तयार झाले. कोणत्या आयटीआयनं नाही, राजदूत, येझदी आणि एम-८० यांनी त्यांना शिकवलं. आज केंद्र सरकार दुरुस्तीच्या हक्काची भाषा करतं. २०२२ मध्ये त्यासाठी समिती झाली, पोर्टलही निघालं. ग्राहकाला सुटे भाग मिळावेत, माहिती मिळावी, कंपनीवर अवलंबून राहावं लागू नये, असा त्याचा अर्थ. आमच्या चाचांकडे तो हक्क १९७५ पासून होता, त्याला नाव तेवढं नव्हतं.

मग राजदूत गेली का? तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आली. फोर-स्ट्रोक, आणि जाहिरातीत लिटरला ऐंशी किलोमीटर. राजदूत त्याहून बरंच कमी देत असे. शिवाय धूर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, ते जळतं, आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. १९९१ पासून धुराचे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले. टू-स्ट्रोक हळूहळू बंद पडल्या. ते बरोबरच झालं. रोज लाखो राजदूत रस्त्यावर फिराव्यात असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आता कायद्याकडे येतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत २००६ मध्ये संपली. बाबा त्याच्या आधीच रिटायर झाले होते, गाडी बंद होती, मी तेव्हा नोकरीच्या शोधात होतो. कुणी लक्ष दिलं नाही. ही चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं नियम बदलले. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १००० रुपये झाली, आणि उशीर झाला तर दरमहा ३०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आमचं काम चालू असतानाच, वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती फी २००० केली. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट वेगळी. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त, जुनी महाग. सरकारला काय हवंय ते स्पष्ट आहे, आणि प्रदूषणाच्या दृष्टीनं त्यात तथ्यही आहे.

पण सरकारला जुन्या गाड्यांचा जिव्हाळा अजिबात नाही असंही नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी खास नियम आला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नोंदणी फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

आता हिशोब करा. बाबांची राजदूत १९९१ ची. तिला पन्नास वर्षं होतील २०४१ मध्ये. तेव्हा ती वारसा ठरेल. आज चौतीस वर्षांची आहे, म्हणजे भंगार. मधली सोळा वर्षं ती काय आहे, याचं उत्तर मला नियमात सापडत नाही.

बंगल्यात चार गाड्या झाकून ठेवणाऱ्या माणसाला सोळा वर्षं थांबणं आणि वीस हजार भरणं जड नाही. त्याच्या गाड्या २०४१ पर्यंत टिकतील. गोठ्यातल्या टिकणार नाहीत. म्हणजे उद्या संग्रहालयात राजे-महाराजांच्या गाड्या असतील, मुंबई-पुण्याच्या रॅलीत चकचकीत बुलेट असतील, आणि ज्या गाडीवरून दूध, औषध आणि डॉक्टर गावात आले, ती मात्र किलोवर गेलेली असेल. खेड्याचा इतिहास असाच जातो. कुणी मुद्दाम पुसत नाही, जपायची सोय नसते एवढंच.

मागणी मोठी नाही. पंचवीस-तीस वर्षांवरच्या, चालू स्थितीतल्या दुचाकीला विंटेजसारखीच मर्यादित परवानगी द्या. रोजचा वापर नको, शहरात नको. वर्षातले ठरावीक दिवस द्या, तपासणी करा, विमा घ्यायला लावा. फी परवडेल अशी ठेवा. आणि उशिराच्या दंडात एकदा सूट द्या, म्हणजे गोठ्यातली गाडी कागदावर यायला धजेल. आपल्या भागातले आमदार, खासदार ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी एवढा प्रश्न सभागृहात विचारावा.

शेवटचं सांगतो.

डिसेंबरात एका रविवारी संध्याकाळी गाडी चालू झाली. बाविसाव्या का तेविसाव्या किकला. आधी फटफट, मग बंद, मग पुन्हा. अंगणभर निळा धूर झाला, शेजारची पोरं धावत आली. चाचा खाटेवरून उठून उभे राहिले. भावानं, ज्याला ती किलोवर विकायची होती, त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ केला.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आवाज ऐकून काठी टेकत बाहेर आले. टाकीवर हात ठेवला, आवाज ऐकत उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, बसा मागं. महादेवाच्या मंदिरापर्यंत एक चक्कर मारून येऊ."

त्यांनी विचारलं, "कागदपत्रं आहेत काय तिचे?"

मी गप्प बसलो.

"मग बंद कर," म्हणाले. "बिनाकागदाची गाडी मी कधी रस्त्यावर काढली नाही."

चौदा वर्षं त्या माणसानं ती गाडी रात्री-बेरात्री चालवली आणि आरसी बुक कायम प्लास्टिकच्या पिशवीत खिशात ठेवलं. त्यांना मी काय सांगणार?

दर रविवारी मी ती अंगणात चालू करतो. दहा मिनिटं. बाबा खुर्ची टाकून बसतात. मग बंद करून पुन्हा झाकून ठेवतो. महादेवाचं मंदिर घरापासून अर्धा किलोमीटरवर आहे.